घेतली का?

औषधाची आठवण करून देणारं ॲप आखायला बसलं की कागदावर आधी घड्याळच उमटतं. सकाळी आठ, दुपारी एक, रात्री नऊ. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मात्र घड्याळ नसतं. तिथे असतं १-१-१ आणि बाजूला 'जेवणानंतर'. आता नागपूरच्या घरात जेवण कधी होतं हे कोण सांगणार? मे महिन्यात ऊन चढायच्या आत उरकतं, पाहुणे आले की लांबतं, आणि महालक्ष्म्यांच्या दिवशी सोळा भाज्या, आंबील, पुरण, आरती असं सगळं होऊन पानं मांडेपर्यंत तीन वाजून जातात. ॲप आपलं एकलाच वाजतं. मधुमेहाच्या काही गोळ्या घेतल्या आणि पोटात अन्न गेलं नाही, तर साखर धोकादायक खाली येऊ शकते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे पक्कं माहीत असतं. ते गोळी घेत नाहीत, म्हणजे बरोबरच वागतात. आणि ॲप त्यांच्या नावापुढे लाल फुली मारून मोकळं होतं.

अशा स्क्रीन आखणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग, म्हणून घरातला औषधांचा डबा मी जरा जास्तच निरखून बघते. मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, डबा स्टीलचा आहे. पूर्वी त्यात फल्लीदाणे असायचे. त्यातल्या गोळ्यांना छापील नावं आहेत, पण ती कुणी वापरत नाही. बीपीची, शुगरची, रक्त पातळ करायची आणि 'ती झोपेची अर्धी'. आमच्या ॲपचा पहिला रकाना मात्र विचारतो: औषधाचं नाव? मामाजी चष्मा कपाळावर चढवून स्ट्रिप उजेडात धरतात. नाव कापलेल्या तुकड्याबरोबर गेलेलं असतं. शिवाय एका कंपनीची संपली म्हणून केमिस्टने दुसऱ्या कंपनीची दिली, तर नाव बदलतं, रंग बदलतो, आतलं औषध तेच राहतं. जुनी स्ट्रिप अर्धी उरलेली, नवी आलेली, दोन्ही बीपीच्याच आणि दोन्ही डब्यात. दोन वेगळी औषधं समजून दोन्ही घेतली जाण्याची पुरेपूर सोय. नावापेक्षा स्ट्रिपचा फोटो मागावा, 'कशासाठी' हे विचारावं आणि आतलं मूळ औषध दुसऱ्यांदा आलं की ॲपने टोकावं, यासाठी मी बैठकीत भांडते ते यामुळे.

दुसरं भांडण 'दररोज' या शब्दावरून. रकाना रिकामा ठेवायचा नाही म्हणून आधीच 'दररोज' निवडून ठेवायचं, ही आमच्या धंद्यातली जुनी सवय. बहुतेक गोळ्यांना ते चालतंही. पण संधिवातासाठी देतात ती मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. घाईत असलेला मुलगा बाबांच्या फोनमध्ये औषधं भरताना आधीच निवडलेलं काही बदलत नाही, 'पुढे' दाबतो. तेव्हा तो रकाना रिकामाच राहू द्यावा. माणूस अर्धा मिनिट अडला तर अडू द्या.

आवाजाबद्दल तर नागपुरात वेगळाच विचार करावा लागतो. पुण्या-मुंबईच्या ऑफिसात एसीच्या शांततेत निवडलेली किणकिण इथे एप्रिल ते जून कूलरच्या घरघरीत बुडून जाते. त्यात वय वाढलं की कान आधी चढ्या पट्टीचे आवाज सोडतात. म्हणजे मंजुळ, टिपेचा, नाजूक असा जो आवाज तरुण डिझायनरला आवडतो, तो नेमका ज्याच्यासाठी आहे त्याला ऐकू येत नाही. खालच्या पट्टीचा, जाडाभरडा आवाज हवा. मी निवडलेला ऐकून ऑफिसातली मुलं हसली. हसोत बापडी. आवाज ठरला तरी तो वाजेलच याची हमी नाही, कारण बॅटरी वाचवण्यासाठी अँड्रॉइड फोन मागे चाललेली ॲपं झोपवतो, आणि २०२२ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १३ पासून सूचना दाखवायलाही आधी परवानगी लागते. ती परवानगी विचारली जाते तेव्हा फोन बहुधा नातवाच्या हातात असतो आणि त्याला गेम उघडायचा असतो.

विसरणं दोन तऱ्हेचं असतं. एक, गोळी घ्यायची राहून जाणं. दुसरं, घेतली की नाही हेच न आठवणं. गजर वाजवून पहिल्याचा बंदोबस्त होतो. खरी घबराट दुसऱ्याची. पाणी प्यायल्याचं आठवतं, गोळीचं आठवत नाही. मग एक तर गोळी बुडते, नाही तर दोनदा पोटात जाते. रक्त पातळ करणारी दोनदा गेली तर भलतंच.

या दुसऱ्या विसरण्यावर तोडगा निघाला तो एका नवरा-बायकोच्या कटकटीतून. अमेरिकेत इलिनॉय राज्यात डेव्हिड वॅग्नर नावाचा इंजिनिअर होता. चार मुलं झाल्यावर त्याची बायको तेव्हा नव्या असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ लागली आणि हा तिला सारखा विचारू लागला, आजची घेतलीस का? तिला त्याचा वैताग. मग त्याने कागदावर वार लिहिले, प्रत्येक वारावर एक गोळी ठेवली. कागद कपाटावर. गोळी दिसली नाही म्हणजे घेतली. विचारायचं काम नाही. काही दिवसांनी त्या कागदावर काहीतरी पडलं आणि गोळ्या घरभर झाल्या. तेव्हा त्याने फिरत्या चकतीची डबी बनवली आणि १९६२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. आपल्याकडच्या माला-डीच्या पाकिटात २१ गोळ्यांपुढे लोहाच्या ७ असतात, त्याही रोजची सवय तुटू नये म्हणून. मला यात आवडतं ते हे, की वॅग्नरचा कागद काहीच विचारत नव्हता. जिने बघायचं ती बघत होती, बस.

आमचं ॲप मात्र विचारण्यावाचून दुसरं काही करत नाही. आणि मामाजी 'घेतली' हे बटण दाबतात त्याचा खरा अर्थ एवढाच, की गजर बंद झाला. आपल्या क्षयरोग कार्यक्रमात ९९डॉट्स नावाची एक युक्ती वापरली गेली: गोळी पाकिटातून बाहेर काढली की मागे लपलेला नंबर दिसतो, रुग्णाने त्यावर फुकट कॉल करायचा. साध्या फोनवर चालणारी, भलतीच हुशार गोष्ट. पण तीही सांगते ती गोळी पाकिटातून निघाल्याचं. घशाखाली उतरली का, हे त्या माणसालाच ठाऊक.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालात म्हटलंय की विकसित देशांतही दीर्घ आजारांची औषधं नीट घेणारे सरासरी निम्मेच. उरलेले सगळे विसराळू असतील असं मला नाही वाटत. कुणाला बरं वाटतं म्हणून, कुणाला मळमळतं म्हणून, कुणाची स्ट्रिप महिनाअखेर संपलेली असते म्हणून. गजर यातल्या कुणाच्याच कामाचा नाही. 'चार दिवसांच्या गोळ्या उरल्यात' ही ओळ, माझ्या मते, शंभर गजरांपेक्षा बरी.

अवघड स्क्रीन रुग्णाची नसतेच. काळजी करणाऱ्याची असते. माझी नणंद पुण्यात. बाबांची गोळी राहिली तर तिला कळायला हवं, यावर सगळ्यांचं एकमत. सरळ आराखडा केला तर असं होतं: सव्वाआठला तिच्या फोनवर लाल ठिपका, आठ-सोळाला इकडे फोन.

"बाबा, बीपीची घेतली का?"

"घेतली नं. काहून रोज विचारून राहिली?"

घेतलेली नसते. पण आयुष्यभर वीज मंडळात हाताखालच्या माणसांना जाब विचारलेल्या गृहस्थाला लेकीने विचारल्यावर दुसरं उत्तर सुचतच नाही. फोन ठेवला की ते गुपचूप उठून घेतात, किंवा रागाने घेत नाहीत. म्हणून मी क्रम असा लावला: आधी त्यांनाच पुन्हा एकदा आठवण. मग घरात जो असेल त्याला. पुण्याला सगळ्यात शेवटी, आणि तेही त्यांनी दाखवायला होकार दिलेल्या गोळ्यांपुरतंच. झोपेची अर्धी लेकीला दिसू नये असं त्यांना वाटतं. मग नाही दिसणार. २०२३ च्या वैयक्तिक डेटाच्या कायद्यात म्हटलंय की संमती द्यायला जितकी सोपी, तितकीच काढून घ्यायला सोपी हवी. मामाजींनी कायदा वाचलेला नाही, पण नेमकं हेच त्यांनी मला पोहे खाता खाता बजावलं.

आणि मग म्हणाले, "बेटा, तिची थायरॉईडची मला दिसते का यात?"

दिसत नव्हती. आमच्या रचनेत माणसं दोन जातीची होती, रुग्ण आणि काळजी घेणारे. एकाचं दुसरं होता येत नव्हतं. ताईची थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, नाश्त्याच्या निदान अर्धा तास आधी घ्यायची, कॅल्शियम आणि लोह चार तास लांब ठेवायचं; आणि ताईला उठल्याबरोबर चहा लागतो. हे बापाला माहीत. ॲपला माहीत नव्हतं. ऑफिसात महिनाभर डोकं लावून आम्ही दोन जाती मोडल्या: आता कुणीही कुणाची गोळी बघू शकतो, समोरच्याने होकार दिला की झालं. ताईने हौसेने होकार दिला.

तेव्हापासून सकाळी साडेसहाला नागपूरहून पुण्याला फोन जातो. "गोळी किती वाजता घेतली? अन् चहा किती वाजता?" परवा ताईचा मला वेगळा फोन आला. म्हणाली, "वहिनी, यात बाबांना थोडा वेळ बंद करून ठेवायचं बटण कुठे आहे गं?"