जळगाव, अमळनेर, धुळे: पीएच.डी.च्या पहिल्या सत्रात काढायची फेरी

धुळ्याकडून एसटीने येत असाल तर जळगाव स्टँडपर्यंत जाऊ नका. पारोळा, एरंडोल, पाळधी मागे पडलं की बांभोरीजवळ महामार्गालगतच कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ लागतं. शहर तिथून पुढे साधारण आठ किलोमीटरवर आहे. गाडीत चढतानाच कंडक्टरना सांगून ठेवा. आमच्या कंडक्टरभाऊंनी पाळधी सोडल्यावर स्वतःच हाक दिली, "इद्यापीठले उतरनं शे ना, बहीन? मंग पुढे यीसन बस." नंदुरबार, दोंडाईचाकडून सुरत–भुसावळ मार्गावरच्या रेल्वेने आलात तर मात्र जळगाव स्टेशनवर उतरून तेवढं अंतर मागे यावं लागतं. सकाळी लवकर निघा. ऑफिसातली कामं दुपारच्या जेवणाआधी होतात, नंतर रेंगाळतात.

मी इतिहासाची, सोबतची मैत्रीण रसायनशास्त्राची. दोघींची नोंदणी नुकतीच झालेली. जळगाव, धुळे, नंदुरबार या आपल्या तिन्ही जिल्ह्यांतले कितीतरी संशोधक घरात पहिल्यांदाच एवढं शिकणारे आहेत. ते तालुक्याच्या गावी राहतात, कुठल्यातरी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतात आणि फॉर्म भरायचा असेल तेव्हाच विद्यापीठात येतात. मग तिथे आपल्यासाठी काय काय आहे हे शेवटच्या वर्षापर्यंत कळत नाही. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे: पहिल्याच सत्रात, काहीही काम अडलेलं नसताना, एक फेरी काढा आणि दारोदार जाऊन विचारा.

हे विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी सुरू झालं. त्याआधी खान्देशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती, म्हणजे पदवीच्या कामासाठी थेट पुणं गाठावं लागायचं. २०१८ साली बहिणाबाईंचं नाव मिळालं. गिरणेच्या काठचा परिसर एवढा मोठा आहे की एका इमारतीतून दुसरीत जाताना उन्हाळ्यात जीव जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ बरा. त्या दिवसांत भरीतही चांगलं मिळतं, तेवढं चुकवू नका.

सगळ्यात आधी ज्ञानस्रोत केंद्रात, म्हणजे विद्यापीठाच्या ग्रंथालयात जा. पुस्तकं तर घ्याच, पण घरून वापरायचं लॉगिन मिळतं का ते पहिल्या भेटीतच विचारा. केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू आहे. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं तिच्यातून सरकारी संस्थांना खुली झाली आहेत. एकेका लेखाला दोन-तीन हजार रुपये मागणाऱ्या वेबसाइटवर हताश होऊन बसायची गरज त्यामुळे बरीच कमी झाली. अक्कलकुव्यात किंवा रावेरात बसून वाचायचं तर संस्थेचा ईमेल आणि लॉगिन आधी हातात हवं.

तिथेच 'शोधगंगा'वर आपला विषय शोधून पाहा. देशभरातले प्रबंध तिथे फुकट वाचायला मिळतात. आराखडा लिहिण्याआधी एक सकाळ यात घालवलीत तर पुढचं वर्ष वाचतं. साम्य तपासणीबद्दलही, म्हणजे आपला मजकूर दुसऱ्यांच्या लिखाणाशी किती जुळतो ते पाहण्याबद्दलही, विचारून घ्या. २०१८ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. दहा ते चाळीस टक्के निघालं तर प्रबंध दुरुस्त करून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यावा लागतो. शेवटी घाबरण्यापेक्षा पहिलं प्रकरण लिहून झालं की तपासून घ्या.

मैत्रिणीची गरज वेगळी. तिला उपकरणं हवी होती. विभागात नसलेलं उपकरण कुठे आहे हे 'आय-स्टेम' या राष्ट्रीय पोर्टलवर शोधता येतं आणि तिथूनच वेळ मागता येते. शुल्क किती, नमुना कसा पाठवायचा हे मार्गदर्शकांशी बोलूनच ठरवा.

आता पैशाचं. याच्याबद्दल आपली पोरं बोलायला लाजतात, म्हणून मी सविस्तर लिहिते. नेट परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली असेल तर १ जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० आणि पुढे एसआरएफला (वरिष्ठ फेलोशिप) ४२,००० रुपये, घरभाडे भत्ता वेगळा. जेआरएफ नसेल तर राज्याच्या संस्थांकडे पाहा: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती, आदिवासींसाठी टीआरटीआय (आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था). जाहिराती ठरावीक काळात येतात आणि मुदत पटकन संपते. जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि नोंदणीचं पत्र यांची स्कॅन केलेली फाइल मोबाइलमध्ये कायम ठेवा. पदव्युत्तर वर्गातल्या मुलांनी विद्यार्थी विकास विभागात 'कमवा व शिका' योजनेची चौकशी करावी. त्यात परिसरातलंच काम आणि तासांप्रमाणे मानधन असतं. त्यातून मेसचा खर्च निघाला तरी घरावरचा भार हलका होतो.

फेलोशिप मंजूर झाली म्हणजे पैसे येऊ लागले असं नाही. तुमची उपस्थिती आणि प्रगती अहवाल वेळच्या वेळी वर गेले नाहीत तर हप्ता अडतो. हे काम कोणत्या टेबलावर होतं आणि ते कोण बघतं, हे पहिल्याच भेटीत विचारून वहीत लिहा. प्रत्येक अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. एका कार्यालयात (हे विद्यापीठ नव्हे) माझा अर्ज सापडत नाही म्हणाले, तेव्हा त्या शिक्क्यानेच काम झालं.

मुलींसाठी थोडं वेगळं लिहायला हवं, कारण आपल्याकडे लग्न ठरलं की पीएच.डी. सुटली असं सगळेच गृहीत धरतात. २०२२ च्या यूजीसी नियमांत पीएच.डी.ची मुदत कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा. महिलांना आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे. प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने दुसऱ्या गावी जावं लागलं तर संशोधनाचं काम त्या गावच्या संस्थेकडे नेण्याची तरतूदही याच नियमांत आहे, त्याच्या अटी संशोधन विभागात समजून घ्या. हे नियम छापून घरी दाखवा. सासरी बोलताना कागद हातात असला की बोलणं सोपं जातं.

त्रास झाला तर कुठे जायचं? लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत तक्रार समितीकडे. बाकीच्या तक्रारी, म्हणजे गुण, शुल्क, कागदपत्रं अडवणं, विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे. २०२३ च्या नियमांनुसार या समितीने कामकाजाच्या पंधरा दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. समित्यांची नावं आणि फोन क्रमांक फलकावर दिसले की फोटो काढून ठेवा. गरज पडेल त्या दिवशी शोधायची ताकद नसते.

तसंच मनाचं. दोन-तीन वर्षं एकट्याने एकाच विषयात राहणं फार जड जातं. गावात भेटणारा प्रत्येक जण "अजून किती वर्षं?" विचारतो आणि आई-वडिलांना आपण नेमकं काय करतो ते सांगता येत नाही. माझ्या ओळखीतली हुशार मुलं यात कोमेजलेली मी पाहिली आहेत. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. रात्री दोन वाजता छातीत धडधड झाली तर लावा. अजून एक करा: आपल्या वर्षाच्या चार-पाच जणांनी महिन्यातून एकदा ग्रंथालयात भेटायचं आणि प्रत्येकाने काय लिहिलं ते दाखवायचं. आम्ही हे त्याच भेटीत ठरवलं.

दुसऱ्या दिवशी जळगावहून रेल्वेने अमळनेर. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी तर इथे यावंच. प्रताप शेठजींनी १९१६ साली इथे तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. शिष्यवृत्ती घेऊन राहणारे अभ्यासक इथे देशभरातून यायचे, कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखे तत्त्वज्ञ इथे होते आणि 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' हे त्रैमासिक इथूनच निघायचं. राहायची जागा, जेवण आणि वाचायला ग्रंथ देऊन माणसाला निर्धास्तपणे विचार करू द्यायचा, ही व्यवस्था खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावात शंभर वर्षांपूर्वी होती. मला त्या आवारात उभं राहून फार अभिमान वाटला, आणि आपल्या मागण्या अवाजवी नाहीत हेही पटलं. साने गुरुजी याच गावात शिक्षक होते आणि १९३० च्या सत्याग्रहात उतरेपर्यंत छात्रालय सांभाळत होते. मुलांसाठी हाताने लिहिलेलं दैनिक काढायचे. वसतिगृहाच्या रेक्टरांनी हे जरूर वाचावं.

अमळनेरहून धुळ्याला एसटी आहे. इतिहास, भाषा, संतसाहित्य यांचा अभ्यास करणाऱ्यांनी धुळ्यासाठी पूर्ण दिवस ठेवा. इतिहासाचार्य राजवाडे यांचं ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच निधन झालं आणि त्यांच्या संग्रहाभोवती राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. मोडी या जुन्या मराठी लिपीतली कागदपत्रं, पोथ्या, नाणी, सगळं तिथे आहे. नानासाहेब देवांनी जमवलेली समर्थ संप्रदायाची हस्तलिखित बाडं समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. दोन्हीकडे जाण्याआधी फोन करा आणि मार्गदर्शकांच्या सहीचं पत्र व ओळखपत्र सोबत न्या. नोंदी पेन्सिलीने घ्या, आणि फोटोची परवानगी मिळाल्यावरच मोबाइल बाहेर काढा. कोणते कागद पाहायचे ते नेमकं सांगता आलं तर तिथली माणसं मनापासून शोधून देतात.

मोडी येत नसेल तर आधी शिका. राज्याचा पुराभिलेख विभाग वर्ग घेतो. लिपी वाचता येत नसताना बाडासमोर बसणं म्हणजे विहिरीवर दोराशिवाय जाणं.

नंदुरबारकडे परतायला दोंडाईचामार्गे गाडी मिळते. शेवटची गाडी किती वाजता आहे ते धुळ्यात उतरल्या उतरल्याच चौकशी खिडकीवर विचारून घ्या, कारण कागदांमध्ये बसलं की संध्याकाळ कधी झाली ते कळत नाही.