पवित्र रात्रीचे फूल

२४ डिसेंबरला अमरावतीहून नागपूरला पोहोचले तेव्हा दुपार कलली होती. सदरमध्ये राहणाऱ्या ख्रिस्ती मैत्रिणीकडे नाताळची रात्र घालवावी, एवढाच बेत होता. परंतु चर्चच्या वेदीसाठी कुंड्या आणायच्या असल्याने आम्ही आधी सेमिनरी हिल्सच्या बाजूच्या एका रोपवाटिकेत गेलो.

तिथे पॉइन्सेटियाच्या लालभडक कुंड्या ओळीने मांडलेल्या होत्या. आपण ज्याला फूल म्हणतो तो लाल भाग म्हणजे पाकळ्या नव्हेत, ती पानेच असतात. खरी फुले मधोमध, पिवळसर आणि इतकी बारीक असतात की सहसा लक्षात येत नाहीत. मी एक कुंडी स्वतःसाठी घेतली, तेव्हा माळीदादा म्हणाले, “ताई, रात्री याले लाइटाखाली नका ठेवू, नाही तं पानं हिरवीच राह्यतील.” सप्टेंबरअखेरीस रात्र दिवसाहून मोठी होऊ लागली, की हे झाड फुलण्याच्या तयारीला लागते आणि पुढचे काही आठवडे रोज रात्री त्याला अखंड अंधार लागतो.

हे झाड मूळचे मेक्सिकोचे. ॲझटेक लोक त्याच्या लाल पानांपासून रंग काढीत. पुढे सतराव्या शतकात तिथल्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी त्याला ख्रिस्तजन्माच्या सोहळ्यात स्थान दिले. बाळ येशूला अर्पण करण्यासाठी जवळ काहीच नसल्यामुळे एका गरीब मुलीने वाटेवरचे रानगवत नेले आणि वेदीपाशी त्याचीच लाल फुले झाली, अशी तिकडची लोककथा आहे. जोएल पॉइन्सेट हे मेक्सिकोतील अमेरिकेचे पहिले राजदूत. त्यांनी १८२८ च्या सुमारास ही रोपे आपल्या देशात नेली आणि जगभर त्यांचेच नाव रूढ झाले. मेक्सिकोतील लोक मात्र त्याला नाताळच्या आदल्या रात्रीचे, म्हणजे ‘नोचे बुएना’चे फूल म्हणतात. मला हेच नाव अधिक खरे वाटते.

रात्री मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गेलो. गव्हाणीतल्या बाळाच्या मूर्तीभोवती त्याच कुंड्या मांडल्या होत्या. पानांचा ताऱ्यासारखा आकार बेथलेहेमच्या ताऱ्याची आणि लाल रंग ख्रिस्ताने सांडलेल्या रक्ताची खूण मानतात, हे मैत्रिणीने हळू आवाजात सांगितले. जन्माच्या सोहळ्यातच बलिदानाचा रंग असावा, या विचाराने मी बराच वेळ स्तब्ध होते. तरी मनात राहिली ती माळीदादांची सूचना. मेंढपाळांना ख्रिस्तजन्माची वार्ता मिळाली ती रात्रीच्या राखणीत, उघड्या रानात. आणि हे झाडही दीर्घ रात्री सोसल्यावाचून लाल होत नाही. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून ओळखले जाणारे रेव्हरंड टिळक ख्रिस्ती होण्यापूर्वी काही काळ याच नागपुरात राहिले होते, हे तिथे बसल्या बसल्या आठवले आणि फार बरे वाटले.

दुसऱ्या दिवशी कुंडी मांडीवर घेऊनच परतले. आमच्या अंगणात रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड रात्रभर पडतो, म्हणून ती मागच्या परसात, विहिरीच्या कठड्यामागे ठेवली आहे.