धार कुठे गेली

बाणाने हरीण धक्क्याने मरत नाही, रक्त जाऊन मरतं. बंदुकीची गोळी आपल्या वेगाने आतलं सगळं फाडते. बाणाला तेवढा वेग नसतो, त्याच्याकडे फक्त धार असते. धारदार पात्याने रक्तवाहिनी साफ कापली गेली की रक्त लवकर थिजत नाही आणि दोन्ही फुप्फुसांतून बाण गेलेलं हरीण बहुतेक वेळा शंभर यार्डांच्या आतच पडतं. पातं बोथट असेल तर रक्तवाहिन्या कापल्या जाण्याऐवजी बाजूला ढकलल्या जातात किंवा फाटतात. फाटलेली जखम लवकर बंद होते. हरीण पळतं, रक्ताचा माग तुटतो आणि ते कुठेतरी झुडपात दोन दिवसांनी मरतं किंवा पू होऊन जगतं. हे मी गेली सहा वर्षं काउंटरपलीकडच्या माणसांना सांगतोय. त्यातल्या एकाला मी ते अर्धंच सांगितलं.

मी पेनसिल्व्हेनियात एका स्पोर्ट्सच्या दुकानात धनुष्यबाणाच्या काउंटरवर काम करतो. त्याआधी भोसरी एमआयडीसीत टूलरूममध्ये अकरा वर्षं काढली, त्यातली बरीचशी टूल अँड कटर ग्राइंडरवर, म्हणजे कापायच्या हत्यारांना धार लावायच्या यंत्रावर. एंड मिल, ड्रिल, रीमर, जे बोथट होईल ते माझ्याकडे यायचं. बायकोच्या नोकरीमुळे इकडे आलो तेव्हा शिकारीतलं काही कळत नव्हतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार म्हणजे गुन्हा, आणि माझी आई माळकरी. पण मुलाखतीत त्यांनी माझ्यापुढे एक बोथट ब्रॉडहेड ठेवलं आणि विचारलं, "याचं काय करशील?" ते मला कळत होतं.

ब्रॉडहेड म्हणजे बाणाच्या टोकाला आट्यांनी बसणारं पात्यांचं डोकं. सर्वसाधारण वजन १०० किंवा १२५ ग्रेन, म्हणजे साडेसहा ते आठ ग्रॅम. इथल्या नियमानुसार हरणासाठी ते किमान ७/८ इंच रुंद लागतं. काहींची पाती ब्लेडसारखी बदलता येतात, काही एकाच पोलादी तुकड्यातून घडवलेली असतात. बदलायची पाती पातळ, हातात धरून घासणं जिकिरीचं. एकसंध डोकी मात्र नीट सांभाळली तर माणसाच्या आयुष्याला पुरतात.

हंगाम सुरू व्हायच्या आदल्या शुक्रवारी ते गृहस्थ आले. सत्तरीच्या पुढचे, कोळशाच्या खाणींच्या गावाकडचे. पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत तीन पात्यांची तीन एकसंध डोकी, कापसात गुंडाळलेली. कडांवर गंज, एकाचं टोक वाकलेलं. त्यांनी चाळीस डॉलरचं नवं पाकीट हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि परत हुकाला अडकवलं.

"यांना धार लावून मिळेल?"

आमच्याकडे धार लावून देत नाहीत. कुणाला लागलं-कापलं तर दुकान अडचणीत, हे वरचं कारण. खरं कारण ते पाकीट. मी हे आमच्या मॅनेजरलाही सांगितलंय. पाकिटावर 'वस्तऱ्यासारखी धार' असं छापलेलं असतं, पण नव्या पाकिटातली पातीसुद्धा मी तपासतो आणि त्यातली काही नापास होतात. हजार डॉलरचं धनुष्य घेणारी, साठ यार्डांवरून नेम मारल्याच्या गोष्टी सांगणारी तरुण पोरं पात्याच्या कडेकडे एकदा बघतही नाहीत. हे म्हातारे बघत होते, म्हणून मला त्यांना रिकाम्या हाताने पाठवणं जमलं नाही.

"साडेपाचला माझी शिफ्ट संपते," मी म्हटलं. "तोवर वॉटर पेपर आणा, ४००, ६००, १००० आणि २००० नंबरचा, एकेक ताव. काळा मार्कर. घरात बाथरूमची उरलेली टाइल असेल तर ती. सकाळी खाता त्या सीरियलचं खोकं. आणि रबर बँड."

"एवढंच?"

"भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब."

साडेपाचला पार्किंगमध्ये त्यांच्या ट्रकची मागची फळी खाली पडलेली आणि तिच्यावर सगळं मांडलेलं. टाइल दोन आणल्या होत्या. मी खिशातली स्टीलची पट्टी टाइलवर उभी धरून आभाळाकडे केली. पहिलीच्या दोन्ही कडांशी पट्टीखालून उजेड येत होता, म्हणजे मध्ये फुगवटा. दुसरीत उजेडाची रेघ जवळजवळ नव्हती. तीच घेतली. खालची बैठक सपाट नसेल तर वरचं सगळं कष्ट वाया, हे टूलरूममध्ये पहिल्या आठवड्यात शिकवतात.

तीन पात्यांच्या डोक्यात एक मोठी सोय असते, जी दोन पात्यांत नसते. तीन पाती एकमेकांपासून १२० अंशांवर. डोकं सपाट जागेवर आडवं ठेवलं की दोन पात्यांच्या कडा एकदम कागदाला टेकतात आणि कोन आपोआप बसतो. हाताने कोन सांभाळायचा नाही, तो घडवणाऱ्याने आधीच सांभाळलाय. आपण फक्त दाब आणि मोजणी सांभाळायची. मी जुन्या बाणाचा वीतभर तुकडा दस्त्यासारखा डोक्यात पिळला, म्हणजे बोटं पात्यांपासून लांब. टाइलवर साबणाचं पाणी, त्यावर ४०० चा कागद; पाण्यानेच तो चिकटून बसतो. कडांवर मार्करने काळं फासलं आणि दोनदा आपल्याकडे ओढलं. टोक पुढे करून ढकललं तर ते कागदात घुसतं, म्हणून ओढायचंच.

उलटं करून दाखवलं. मधला भाग चकचकीत, टोकाजवळ काळं तसंच.

"म्हणजे तिथे कागद पोचतच नाहीये," ते म्हणाले. पहिल्याच नजरेत कळलं त्यांना.

मग तिन्ही जोड्यांवर दहा-दहा वेळा. एका जोडीवर जास्त झालं तर टोक मध्यातून सरकतं, म्हणून मोजायचं. टोकापर्यंत काळं पुसलं गेलं, तिन्ही कडांवर नखाला खरखरीत बर, म्हणजे घासताना कडेवर उलटणारी धातूची बारीक किनार, लागायला लागली, तेव्हा ६०० वर गेलो. कड नुसती घासून चालत नाही, बर यायलाच हवी. ती आली म्हणजे दोन्ही बाजू कडेपर्यंत जाऊन भेटल्या. पुढचा प्रत्येक कागद ती बर बारीक करत जातो. १००० ला हाताचा दाब निम्मा, २००० ला फक्त डोक्याचं स्वतःचं वजन. शेवटी सीरियलच्या खोक्याची आतली करडी बाजू, तिच्यावर ट्रकच्या डब्यातलं क्रोमचं पॉलिश बोटाने चोळून, पुन्हा तसंच मागे ओढत. गुळगुळीत पुठ्ठा हा गरिबाचा चामडी पट्टा. आई सुरीला लोणच्याच्या बरणीच्या बुडाच्या खरबरीत कडेवर धार लावायची आणि वर शेवटचे चार हात तळव्यावरून फिरवायची. ती काय करत होती ते मला भोसरीत गेल्यावर समजलं.

परीक्षा रबर बँडची. दंडावरचे केस उडाले म्हणून खूश होऊ नये. केस ताठ असतात. रक्तवाहिनी लवचीक असते, ती कापायच्या आधी पात्यापुढून सरकू बघते. रबर बँड फळीच्या दोन कड्यांत ताणून मी पातं नुसतं टेकवलं आणि किंचित ओढलं. टपकन तुटला. नवा बँड ताणून दुसरं, न घासलेलं डोकं टेकवलं. बँड वाकला, पात्याबरोबर पुढे गेला, परत आला. म्हाताऱ्यांनी टोपी काढून फळीवर ठेवली.

"गेल्या वर्षी एक हरणी सापडली नाही," एवढंच म्हणाले.

दुसरं डोकं त्यांनी स्वतः केलं. मी फक्त मोजत होतो. हात थरथरत होता पण कागदावर टेकला की स्थिर. वाकलेल्या टोकाचं तिसरं मी बाजूला ठेवायला सांगितलं. साडेसहा वाजले होते, मुलीला क्लासवरून आणायचं होतं. सामान आवरताना ते म्हणाले, "बरं झालं, आता फोमवर मारून नेम बसवतो." मी म्हटलं, "हो, बसवा."

ते दोन शब्द मी अजून परत घेतोय.

नेम बसवणं बरोबरच. सरावाचं साधं टोक आणि ब्रॉडहेड एकसारखे उडत नाहीत. पात्यांना वारा लागतो. पण फोमच्या ठोकळ्यात बाण शिरतो तेव्हा घर्षणाने फोम वितळून चिकटतो आणि कड घासली जाते. एकदा मारलं की ते पातं शिकारीच्या लायकीचं राहत नाही, पुन्हा २००० आणि पुठ्ठ्यावरून जायला हवं. हे वाक्य मी रोज दहाजणांना म्हणतो.

ऑक्टोबरच्या शेवटी ते परत आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत बाण. वीस यार्डांवरून मारला, आरपार गेला. अर्धा तास थांबून माग काढला. थोडे केस, थेंब-थेंब रक्त, दीडशे यार्डांवर तेही संपलं. दुसऱ्या दिवशी पुतण्याला घेऊन सकाळपासून दुपारपर्यंत रान पायाखाली घातलं. काही नाही.

मी बाण टेबललॅम्पखाली धरला. खऱ्या धारेवर उजेड थांबत नाही, तिथे काही दिसतच नाही. इथे तिन्ही कडांवर टोकापासून बुडापर्यंत केसाएवढी पांढरी रेघ. पात्यांच्या बेचक्यात हिरवट काळा फोम चिकटलेला.

"किती वेळा मारलं यानं?"

"रोज संध्याकाळी दोन-तीनदा. तू म्हणालास ना."

मॅनेजर शेजारीच होता. ते गेल्यावर म्हणाला की शिकाऱ्याची जबाबदारी शिकाऱ्याची, आणि त्याला आता तरी पाकीट विकायला हवं होतं. मला त्याच्याशी बोलावंसं वाटलं नाही.

खरं तर कारण धारच होतं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. रक्त कसं होतं, मी विचारलं होतं. फेसाळ गुलाबी म्हणजे फुप्फुस, काळपट लाल म्हणजे यकृत. यकृताला लागलं तर चार तास तरी थांबायचं, अर्ध्या तासात मागे गेलं की हरीण उठून आणखी लांब जातं. ते म्हणाले काळपट होतं बहुतेक, पण उजेड कमी होता. म्हणजे नेम किंचित मागे गेला असेल. मग धारदार पात्यानेही ते इतकंच पळालं असतं का? माग तरी राहिला असता. राहिला असता असं मला वाटतं. रात्री मी हे दोन्ही बाजूंनी मोजतो आणि कुठेच बर येत नाही.

त्या संध्याकाळी आम्ही पुन्हा त्याच फळीवर बसलो. टाइल त्यांनी ट्रकमध्येच ठेवली होती, टॉवेलात गुंडाळून. या वेळी आधी वाकलेल्या टोकाचं तिसरं घेतलं, जमेल तेवढं सरळ केलं आणि त्याच्या बुडाला त्यांच्या बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. हे फोमसाठी, रानात न्यायचं नाही. चांगल्या दोन्हींची धार पुन्हा काढायची, प्रत्येक एकदाच मारून बघायचं, मग पुठ्ठा, रबर बँड आणि डबी बंद. हे मी त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. त्यांनी राग न धरता म्हटलं.

पहिल्या डोक्याच्या कडेला मार्कर लावताना त्यांनी विचारलं, "कुठवर गेली असेल रे ती?"

मला सांगता आलं नाही. त्यांनी मार्करचं टोपण लावलं आणि डोकं माझ्याकडे दिलं.