नव्या बोअर ब्रशचा वास : पहिले २३ दिवस

मागच्या नोंदीत म्हटलं होतं की दाढीच्या ब्रशमध्ये बॅजर (बिज्जूच्या केसांचा) आणि सिंथेटिक वापरून झालेत, आता बोअर, म्हणजे डुकराच्या केसांचा, घ्यायचाय. तर आला. २४ मिमीची नॉट (हँडलमध्ये बसवलेला केसांचा जुडगा), रेझिनचं हँडल, केस पांढरट-पिवळे आणि भलतेच ताठ. डबी उघडली तेव्हा कोरड्या ब्रशला फारसा वास नव्हता, थोडा चामड्याच्या पट्ट्यासारखा, म्हटलं सुटलो. मग कोमट पाण्यात बुडवला आणि दोन मिनिटांत बेसिनपाशी उभं राहवेना. ओली लोकर आणि गोठा एकत्र केल्यासारखा दर्प, तोही थेट नाकाखाली घोळवायच्या वस्तूला!

म्हणजे कोरडा ब्रश हुंगून काहीच कळत नाही हे पहिल्याच दिवशी पक्कं झालं. ऊब आणि ओल मिळाली की केस आत धरलेला वास सोडतो. त्यात बोअरचा केस जाड, तो स्वतःच पाणी पितो, म्हणून तर दाढीआधी काही मिनिटं भिजवावा लागतो. बॅजरचा केस तेवढं पाणी पीत नाही, केसांच्या मधल्या जागेत धरून ठेवतो. माझ्या बॅजरचा वास चार दाढ्यांत गेला होता आणि हा इतका चिवट निघाला, त्याचं कारण मला तरी हेच वाटतं.

पहिल्या संध्याकाळी भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब घेऊन तळहातावर ब्रश चांगला फिरवला. पाणी मळकट पिवळं निघालं, तीन-चार केस हाताला आले (नव्या ब्रशचे सुरुवातीला गळतातच, घाबरू नका). हे लिक्विड मी एकदाच वापरलं, कारण रोज वापरलं तर केस कोरडे पडून ठिसूळ होतात. त्यानंतर दाढीच्या साबणाचा घट्ट फेस केला, बोटांनी केस फाकवून मुळापर्यंत दाबून भरला आणि ब्रश तसाच रात्रभर उभा ठेवला. सकाळी फेस वाळून पापुद्रा झालेला, धुतल्यावर वास निम्म्यावर नाही पण कमी नक्कीच. हँडल लाकडी असेल तर मात्र हे करताना ते कोरडं राहील एवढं बघा.

दुसऱ्या ते पाचव्या दिवशी रोज हेच, फक्त सकाळी धुऊन लगेच तळहातावर एक फेस करून टाकून द्यायचा, चेहऱ्याला नाही लावायचा. चौथ्या दिवशी घाई झाली म्हणून व्हिनेगर करून बघितलं, कपभर पाण्यात चमचाभर, पाच मिनिटं. तेवढ्यापुरता वास दबल्यासारखा वाटला पण पुढच्या कोमट पाण्यात पुन्हा हजर. बेकिंग सोड्याच्या वाटेला गेलोच नाही, दाढीचा साबण मुळात अल्कलीच असतो, त्याने केस फुगतात, त्यात आणखी भर कशाला. उकळतं पाणी तर अजिबात नको, केसाचं केराटिन (केस ज्या प्रथिनाचा बनतो ते) खराब होतं आणि नॉट ज्या गोंदाने बसवलेली असते तो सैल पडू शकतो, मग वास राहिला बाजूला, ब्रशच हातचा जायचा.

सहाव्या दिवशी वास वाढला. इतकं करून वाढला म्हणून खूप वाईट वाटलं, मग नीट हुंगल्यावर लक्षात आलं की हा तो वास नाहीच, हा कुबट आहे, न वाळलेल्या टॉवेलसारखा. नॉट बुडाशी चिमटीत धरून दाबली तर गार लागली. वरून टोकं कुरकुरीत कोरडी आणि आत ओल तशीच, कारण ब्रश बाथरूममध्ये दार लावून ठेवत होतो. म्हणजे मी एक वास घालवत होतो आणि दुसरा तयार करत होतो. तेव्हापासून नियम असा की धुतल्यावर झटकायचा, टॉवेलवर मागेपुढे पुसायचा आणि खिडकीपाशी वाऱ्यावर ठेवायचा, आणि बुडाशी गार लागत असेल तर त्या दिवशी फेस नाही. उलटा टांगायचा की उभा ठेवायचा यावर आपल्या ब्रशवाल्यांत खूप वाद होतात, मला दोन्हीत फरक दिसला नाही, फरक पडला तो वाऱ्याने. हेअर ड्रायरची गरम हवा मात्र मारू नका.

नवव्या दिवशी कोरड्या ब्रशला वास शून्य, ओल्याला हातभर अंतरावरून कळेल इतका. त्या दिवशी पहिली दाढी केली. फेस अर्ध्यातच बसला, नवा बोअर फेस खातो म्हणतात ते अगदी खरं, आणि टोकं गालाला टोचली.

जुन्या काळी नव्या ब्रशची भीती वासापुरती नव्हती बरं का. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशमधून अँथ्रॅक्स (जनावरांकडून येणारा जीवघेणा जंतुसंसर्ग) झाल्याच्या नोंदी आहेत. आता केस प्रक्रिया होऊनच येतात, तरी हे वाचल्यापासून कुठलाही नवा ब्रश मी धुतल्याशिवाय चेहऱ्याला लावत नाही.

चौदावा दिवस या ब्रशचा सगळ्यात आवडता. भिंग घेऊन उजेडात धरला तर बरीच टोकं दुभंगलेली दिसली, एका केसाची दोन-तीन बारीक टोकं. बोअर मऊ होतो तो यामुळेच. फेस आता चेहऱ्यावर वस्तऱ्याच्या दोन फेऱ्यांना पुरतो. आणि वास शोधायला नाक केसांत घालावं लागलं. माझ्या ब्रशचं तरी दोन्ही एकदमच झालं, टोकं फुटत गेली तसा दर्प उतरत गेला, कारण दोन्ही होतात ते भिजणं-फेस-पूर्ण वाळणं या फेऱ्यांनी. व्हिनेगरच्या नादी न लागता पहिल्या दिवसापासून नीट वाळवला असता तर तीन-चार दिवस वाचले असते असं वाटतं.

काल २३ वा दिवस. मुद्दाम बिनवासाचा साबण घेतला, कारण सुगंधी साबणाखाली काय लपलंय ते कळत नाही. ब्रश पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवला, पिळला, चेहऱ्यावरच फेस केला, नाकाखाली मुद्दाम जास्त वेळ फिरवला. फक्त साबण. पाण्याचा मग हुंगला, त्यात अगदी पुसट लोकरीचा वास होता, तेवढाच उरलाय.

घोड्याच्या केसांचा ब्रशही आलाय, आज रात्री त्याला पहिला फेस भरून ठेवतोय, खिडकीपाशी.