शिल्लक दोन एम्ब्रियो आणि माझी चाळिशी

2018मध्ये मी 33 वर्षांची असताना छत्रपती संभाजीनगरला आमचं आयव्हीएफ झालं, म्हणजे शरीराबाहेर लॅबमध्ये गर्भ तयार केले. स्त्रीबीजं भरपूर निघाली होती. अशा वेळी पोटात पाणी धरण्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टरांनी लगेच गर्भाशयात काही न सोडता सगळे एम्ब्रियो, म्हणजे तयार झालेले गर्भ, पाचव्या दिवशी गोठवून ठेवले. त्यातल्या एकातून 2019ला आमची लेक झाली आणि दोन शिल्लक राहिले. त्यांचं काय करायचं हा विषय दरवर्षी साठवणुकीचे पैसे भरायच्या वेळी निघायचा आणि पावती फाईलला लागली की मागे पडायचा.

मागे पडायला कारणंही तशीच होती. लेक लहान, मग कोरोना, मग सासऱ्यांना पक्षाघात. मी परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर, यांची नोकरी जालन्याला. दुसरं लेकरू मात्र मला हवंच होतं, त्याबद्दल मनात कधी शंका नव्हती. प्रश्न फक्त कधी, एवढाच होता.

गोठवलेल्या एम्ब्रियोचं वय वाढत नाही, हे खरं आहे. उणे 196 अंशांच्या लिक्विड नायट्रोजनमध्ये पेशींचं सगळं काम थांबतं. वय वाढतं तसे बीजातल्या गुणसूत्रांचे दोष वाढतात, गर्भ न रुजण्याचं आणि गर्भपाताचं मोठं कारण तेच असतं. माझे एम्ब्रियो 33व्या वर्षीच्या बीजांचे, त्यामुळे चाळिशीतही त्यांची ताकद जवळजवळ तीच. पण एवढ्यावर विसंबून राहावं असं मला वाटेना. नऊ महिने वाढवायचं ते माझ्याच शरीरात, आणि ते काही गोठवलेलं नव्हतं.

गेल्या वर्षी पावती घ्यायला गेलो तेव्हा डॉक्टरांची वेगळी वेळ घेतली. त्यांनी आधी उलट मलाच विचारलं, "ताई, हे दोन्ही रुजले नाहीत तर परत बीज काढायची तयारी आहे का? आधी ते ठरवा, मग कधी ते सांगते."

माझ्या मते सगळ्या निर्णयाची किल्ली या प्रश्नात होती. परत बीज काढायचं असेल तर एक महिनाही दवडायचा नाही, कारण चाळिशीनंतर बीजांची संख्या आणि दर्जा दोन्ही झपाट्याने उतरतात. मग आधी आहेत ते वापरायचे आणि जमलं नाही तर लगेच पुढचं पाऊल. पण परत काढायचंच नसेल, तर दोन-चार महिन्यांनी एम्ब्रियोचं काही बिघडत नाही. तेवढ्यात माझी तब्येत सुधारून घेता येते.

आम्ही त्यावर आठवडाभर बोललो. एकदा फोनवर, एकदा जालना स्टेशनवर तपोवनची वाट बघत. यांचं म्हणणं, पैसे उभे करता येतील, तू पैशाचा विचार करू नकोस. मी सांगितलं, पैशाचं नाही हो, ती इंजेक्शनं आणि ते सगळं चक्र मला परत नको. हे दोन आपले, त्यापुढे नाही. ते गप्प बसले आणि मग म्हणाले, ठीक आहे, पण तपासण्या सगळ्या नीट करू.

हिशेब दुसराही मांडला. मी 58व्या वर्षी निवृत्त होईन तेव्हा धाकटं अकरावी-बारावीत असेल, हे चार वर्षांनी मोठे, म्हणजे यांच्या निवृत्तीला ते सातवी-आठवीत. कायद्याची मुदतही होती. 2021च्या कायद्यात असे उपचार बाईला 50 आणि पुरुषाला 55 वर्षांच्या आतच मिळतात, आणि एम्ब्रियो दहा वर्षांपेक्षा जास्त साठवता येत नाहीत. त्यानंतर ते नष्ट होऊ द्यायचे किंवा जोडप्याच्या संमतीने संशोधनाला द्यायचे. म्हणजे आमच्याकडे 2028पर्यंतचाच वेळ होता.

आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सगळं माहीत होतं. नात्यातल्या बायका "एकटं लेकरू नको गं" म्हणत घरी येत, तेव्हा त्यांनीच मला बाजूला घेऊन सांगितलं, "लोकाचं काय ऐकायलीस? तुझ्या जिवाला झेपंल तवाच कर." मला त्या शब्दांचा फार आधार वाटला.

तपासण्यांत बीपी काठावर आलं, साखर ठीक, थायरॉइड थोडं वर. चाळिशीतल्या गरोदरपणात बीपी आणि मधुमेह दोन्हींचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टरांनी आधी वजन उतरवायला आणि थायरॉइड आटोक्यात आणायला सांगितलं. भर उन्हाळ्यात परभणीत पहाटेच काय ते चालणं होतं. शाळेआधी तेवढं करायचे. पहिलं सिझर असल्याने पिशवीवरचा व्रण सोनोग्राफीत नीट पाहून घेतला. त्याच कारणाने एका वेळी एकच सोडायचा हे मी आग्रहाने सांगितलं. व्रण असताना या वयात जुळ्यांची जोखीम मला घ्यायची नव्हती.

माझी पाळी नियमित असल्याने गोळ्यांऐवजी नैसर्गिक पाळीवरच ट्रान्सफर, म्हणजे एम्ब्रियो गर्भाशयात सोडणं, ठरलं. यात बीज आपोआप सुटतं आणि शरीर स्वतःचं हार्मोन तयार करतं. बीपीच्या दृष्टीने ते बरं मानतात. मात्र बीज कधी सुटतं ते बघायला सोनोग्राफीच्या खेपा वाढतात. त्यासाठी सिडकोत चुलत बहिणीकडे राहिले.

ट्रान्सफरच्या दिवशी आधी माझं नाव, यांचं नाव आणि तारीख एम्ब्रियो ठेवलेल्या बारीक नळीवरच्या अक्षरांशी ताडून पाहिली. मग लॅबमधल्या मॅडमनी स्क्रीनवर आमचा एम्ब्रियो दाखवला. गोठलेला वितळवल्यावर आधी आकसलेला असतो, तो हळूहळू पुन्हा फुगत होता. सात वर्षं बर्फात राहून तो जिवंत होता, आणि ते बघताना मला रडू आवरलं नाही.

तो रुजला नाही. गर्भ राहिला का ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, बीटा एचसीजीचा, रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा मी शाळेत होते, पुढचा तास मुख्याध्यापिका बाईंनी घेतला. घरी एका नातेवाइकाने लगेच "परत बीज काढा, अजून वय आहे" असं सुरू केलं. या वेळी उत्तर यांनी दिलं: ते आमचं आधीच ठरलंय. त्या दुःखात मला नव्याने काही ठरवावं लागलं नाही, याचं फार बरं वाटलं.

एक एम्ब्रियो अजून आहे. डॉक्टरांनी मध्ये दोन पाळ्या जाऊ द्यायला सांगितलंय आणि बीपी रोज लिहून ठेवायला. त्यानंतरची पाळी दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास येते, तेव्हाच दुसरं ट्रान्सफर करायचं ठरवलंय.