दुधी काच आणि दोन टॉवेल

मे महिन्यात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून अण्णांचा फोन आला. टॉवेलचा कारखाना त्यांचा. "स्मार्ट काच करून वर्ष झालं, तरी ऑफिस तापतंयच. एसीवाला म्हणतो, काच दाखवा." ते काम माझं नव्हतं, पण वीस वर्षं काचेच्याच धंद्यात आहे, म्हणून गेलो.

दुपारचे चार. पश्चिमेची अख्खी भिंत काचेची. अण्णांनी बटण दाबलं, काच दुधी झाली. बाहेरचं दिसेना, पण हिशेब लिहिणाऱ्या ताईंच्या टेबलावर हात टेकवत नव्हता.

बघताक्षणी कळलं, ही पीडीएलसी फिल्म. तिच्यात द्रवस्फटिकाचे बारीक थेंब असतात. वीज चालू असली की ते एका दिशेत लागतात आणि आरपार दिसतं. बंद केली की प्रकाश विखुरतो. विखुरतो म्हणजे अडत नाही, बरंचसं ऊन आतच येतं. आडोशाला ती उत्तमच. पण विकणाऱ्यानं वीजबचतीची म्हणून गळ्यात मारली, याचा मला अजून राग येतो.

तोंडी सांगून अण्णांना पटेना. मग त्यांचेच दोन जाड टॉवेल मागून घेतले. एक खणाच्या बाहेरून टांगला, दुसरा शेजारच्या खणाला आतून. अर्ध्या तासानं अण्णांना हात लावायला सांगितलं. आतल्या टॉवेलमागची खुर्ची बरी होती, पण काच आणि टॉवेलमधून भट्टीसारखी हवा वर येत होती. बाहेर टॉवेल होता, त्या काचेवर मात्र तळहात निवांत टेकत होता. अण्णांनी तो तिथेच ठेवला.

"मग ऊन अडवणारी खरी कुठली?" ताईंनी विचारलं. इलेक्ट्रोक्रोमिक. टंगस्टन ऑक्साइडचा मायक्रॉनपेक्षा पातळ थर, 5 व्होल्टच्या आतल्या विजेवर त्यात लिथियमचे आयन शिरतात, काच निळसर गडद होते आणि वीज काढली तरी बराच वेळ तशीच राहते. ती ऊन स्वतः शोषते, तापते. म्हणून दुहेरी काचेत बाहेरच्या बाजूला घालतात.

भिंतीभर अशा काचेच्या खर्चाचा आकडा ऐकून अण्णा गप्प झाले. छज्जाही नको म्हणालो, संध्याकाळचं ऊन आडवं होऊन त्याच्याखालून शिरतं. बाहेरून बांबूच्या चिका, म्हणजे काड्यांचे पडदे, सोडायचं ठरलं. त्या टांगायच्या पाइपाची मापं घेऊन निघालो, तर ताई म्हणाल्या, "दादा, चिका येईपर्यंत टॉवेल राहू द्या. अजून चार टांगते."