आमची वाटचाल : उद्यमनगर ते उद्यमनगर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात भाड्याचा गाळा, एक जुना लेथ आणि दोघे भागीदार, एवढ्यावर आम्ही पीटीओ, म्हणजे गाडीच्या गिअरबॉक्समधून ताकद घेऊन टिपरचा हायड्रॉलिक पंप फिरवणारा जोड, करायला लागलो. टाटा ४०७ ट्रकला टिपर बॉडी बसवून घेणारे विटा-खडीवाले हेच आमचं गिऱ्हाईक. हाउसिंगचा, म्हणजे पीटीओच्या बाहेरच्या कवचाचा, सागवानी पॅटर्न (ओतकामाचा लाकडी नमुना) मी सुताराशेजारी बसून करून घेतला होता. ओतकाम शिरोलीत व्हायचं. हॉबिंग करून दात पाडलेला गिअर केस हार्डनिंगशिवाय, म्हणजे वरचा थर कडक केल्याशिवाय, आम्ही कधी गाळ्याबाहेर सोडला नाही.

पुढं भागीदार वेगळा झाला आणि जाताना पॅटर्न घेऊन गेला. त्याच हाउसिंगात हार्डनिंग न केलेला गिअर घालून स्वस्तात विकू लागला. काही महिन्यांतच दात तुटायला लागले. तुटलेला दात गिअरबॉक्समध्ये पडला की लेशाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सच्या आतल्या दांड्याचा, गिअरही खातो. हाउसिंग हुबेहूब आमचं, म्हणून लोक भांडायला आमच्याच दारात. बॉडीवाल्यांनी ऑर्डरी थांबवल्या. पगारासाठी बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. लेथलासुद्धा गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं.

तेव्हा वीटभट्टीवाले आण्णा आले. त्यांच्या दोन गाड्या, एकीवर आमचा पीटीओ, दुसरीवर भागीदाराचा. तुटका गिअर व्हाइसमध्ये धरून म्हणाले, “मालक, फाइल मारा.” फाइल, म्हणजे कानस, बसली, कीस पडला. मग आमचा गिअर धरला. फाइल नुसती घसरली. आण्णांनी दोन्ही गिअर आणि फाइल पिशवीत घातली, टिपर स्टँडवर नेली आणि ज्याला त्याला स्वतःच्या हातानं घासायला लावलं. आठवड्याभरात पहिली ऑर्डर परत आली. लेथ आजही तिथंच आहे.

नंतरची वर्षं बरी गेली.

जुन्या गाड्यांवर काम करणाऱ्या पोरांना एवढंच सांगतो. पीटीओ आणि गिअरबॉक्सच्या मध्ये पॅकिंग टाकायचा कंटाळा करू नका, नुसतं सोल्युशन लावून पीटीओ आवळू नका. डायल गेज लावून मोजा, बॅकलॅश (दातांमधली मोकळी जागा) ०.१५ ते ०.३० मिलिमीटरमध्ये ठेवा. गाडी चालू केल्यावर रडल्यासारखा आवाज आला तर पीटीओ टाइट बसलाय, एक पॅकिंग वाढवा. खडखडला तर एक कमी करा. आणि बॉडी खाली आली की पीटीओ गिअरमधून काढायला ड्रायव्हरला बजावून सांगा, नाहीतर रस्त्यावर पंप जळतो आणि शिव्या फिटरला बसतात.

पाटल्या दीड वर्षात सोडवल्या. पॅटर्न मात्र भागीदारानं अजून परत केलेला नाही. नवा करून घेतला, पण मागायला अजूनही दर दसऱ्याला माणूस पाठवतो.